कार्ड काढले, पण कुठून?

फोनच्या वॉलेटमधले कार्ड काढून टाकायला फार तर अर्धे मिनिट लागते. ॲप उघडायचे, कार्डावर बोट ठेवायचे, तीन ठिपक्यांच्या मेनूत जाऊन ‘रिमूव्ह’ किंवा ‘डिलीट’ निवडायचे, फोन मागेल तो पिन किंवा बोटाचा ठसा द्यायचा. कार्डाचे रंगीत चित्र पडद्यावरून जाते आणि काम झाले असे आपण समजतो. त्या अर्ध्या मिनिटात नेमके काय पुसले गेले आणि काय जागच्या जागी राहिले, याचा विचार सहसा कोणी करत नाही. फोन विकताना, फोन हरवल्यावर, कार्ड बंद करताना किंवा घरातले वडीलधारे माणूस गेल्यावर त्यांचा फोन हाती येतो तेव्हा मात्र हाच प्रश्न पैशांचा होऊन बसतो.

उत्तराकडे जाण्यापूर्वी एक साधी गोष्ट करून पाहा. औषधांच्या दुकानात किंवा मॉलमध्ये फोन मशीनला टेकवून पैसे दिलेत, तर मशीनमधून निघालेली स्लिप फेकू नका. घरी येऊन प्लास्टिकचे कार्ड तिच्याशेजारी ठेवा. स्लिपवर ओळीने फुल्या आणि शेवटी चार अंक छापलेले असतात. ते चार अंक बहुधा तुमच्या कार्डाच्या शेवटच्या चार अंकांशी जुळणार नाहीत. मशीन चुकलेले नसते. दुकानदाराच्या मशीनपर्यंत तुमच्या कार्डाचा क्रमांक पोचलेलाच नसतो. पोचलेला असतो तो दुसराच एक क्रमांक, ज्याला या व्यवसायात टोकन म्हणतात.

तुम्ही वॉलेटमध्ये कार्ड ॲड केलेत त्या दिवशी काय घडले ते आता पाहू. तुम्ही कार्डाचा फोटो काढला किंवा सोळा अंक टाइप केले. फोनने ते कूटबद्ध करून कार्ड नेटवर्ककडे, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेकडे पाठवले. नेटवर्कने तुमच्या बँकेला विचारले, बँकेने तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला, तुम्ही तो भरलात. मग नेटवर्कच्या टोकन यंत्रणेने एक नवा क्रमांक तयार केला आणि ‘हा क्रमांक म्हणजे अमुक ग्राहकाचे अमुक कार्ड, अमुक फोनसाठी’ अशी नोंद आपल्या तिजोरीत ठेवली. फोनला मिळाला तो हा नवा क्रमांक आणि त्याच्या जोडीला एक गुप्त किल्ली. दिसायला तो कार्डाच्या क्रमांकासारखाच असतो. आयबीएममधील हान्स पीटर लुन यांनी १९५४ साली ज्या तपासणी-सूत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते सूत्रही त्याला लागू पडते, त्यामुळे जुनी मशीनसुद्धा तो बिनतक्रार स्वीकारतात.

पैसे देताना फोन त्या किल्लीच्या मदतीने एकदाच वापरता येईल असा एक संकेत तयार करतो आणि टोकनबरोबर मशीनला देतो. पुढच्या व्यवहाराला नवा संकेत. कोणी नुसते टोकन चोरले तर किल्लीशिवाय त्याला त्याचा उपयोग नाही, कारण ते त्या फोनपुरतेच बांधलेले असते. आयफोनमध्ये ही किल्ली एका वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये राहते. अँड्रॉइडच्या जगात २०१३ पासून, वेगळ्या चिपशिवाय मर्यादित वापराच्या किल्ल्या ठेवण्याची सोयही आहे. तपशील वेगळे, तत्त्व एकच: खरा क्रमांक फोनमध्ये ठेवायचा नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हे भारतातल्या वाचकाला दोन प्रसंगांवरून समजेल. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये देशातल्या निरनिराळ्या बँकांची मिळून सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आल्याचे उघड झाले. एटीएमचे व्यवहार हाताळणाऱ्या यंत्रणेत मालवेअर शिरले होते. बँकांना लाखो कार्डे ब्लॉक करून नवी द्यावी लागली. दुसरा प्रसंग पुण्याचा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि क्लोन केलेल्या कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. एकूण फटका सुमारे ९४ कोटी रुपयांचा होता. त्या दरोड्यात बँकेच्या सर्व्हरवरचा ताबा हा मोठा भाग होता हे खरे, पण कार्डाची नक्कल इतकी सोपी का, या प्रश्नाचे उत्तर जुनेच आहे. प्लास्टिकवर छापलेला आणि काळ्या पट्टीत भरलेला क्रमांक वर्षानुवर्षे तोच राहतो. तो एकदा बाहेर गेला की गेला.

रिझर्व्ह बँकेने ८ जानेवारी २०१९ च्या परिपत्रकाने मोबाइल आणि टॅबलेटसाठी टोकन देण्याची परवानगी दिली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लॅपटॉप, मनगटी घड्याळे वगैरे उपकरणे त्यात आली, आणि सप्टेंबरमध्ये ऑनलाइन दुकानांसाठीची टोकने आली. मुदत दोन-तीनदा वाढवत अखेर १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन विक्रेत्यांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवायला मनाई झाली. शेवटचे चार अंक आणि बँकेचे नाव एवढेच त्यांना ठेवता येते. या नियमांचे कौतुक व्हायला हवे होते तेवढे झाले नाही. ओटीपी पुन्हा पुन्हा भरावा लागतो म्हणून लोकांनी तेव्हा नाके मुरडली. त्या परिपत्रकांमध्ये ग्राहकाला काही नेमके हक्क दिलेले आहेत. टोकनसाठी पैसे आकारता येत नाहीत. आधीच खूण केलेला चौकोन दाखवून संमती गृहीत धरता येत नाही. कोणते कार्ड नोंदवायचे, कोणते काढायचे, हे ग्राहक ठरवणार. कार्ड काढणे हा तुमचा हक्क आहे, आणि तो बजावण्याच्या जागा एकाहून अधिक आहेत.

पहिली जागा अर्थात फोन. सॅमसंग वॉलेटमध्ये कार्ड उघडून वरच्या मेनूतून ते काढता येते. सॅमसंग पे या नावाने ही सेवा भारतात २०१७ च्या मार्चमध्ये आली होती. गूगल पेमध्ये आपल्या प्रोफाइलमधल्या पेमेंट पद्धतींच्या यादीत जाऊन कार्ड निवडायचे आणि काढायचे. गूगल वॉलेट हे वेगळे ॲप २०२४ च्या मे महिन्यात भारतात आले ते बोर्डिंग पास, तिकिटे, लॉयल्टी कार्डे ठेवण्यासाठी, त्यामुळे पैसे देण्याचे कार्ड तिथे शोधत बसू नका. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा आखातात राहणारे मराठी लोक ॲपल पे वापरतात. तिथे वॉलेट उघडून कार्ड, मग कार्डाचा तपशील, आणि अगदी तळाशी कार्ड काढण्याचे बटण. आयफोनचा पासकोड बंद केला तरी ॲपल पेमधली सगळी कार्डे आपोआप निघतात, कारण कुलूप नसलेल्या फोनमध्ये कार्ड ठेवायचे नाही असा त्या व्यवस्थेचा नियम आहे.

इथे एक गोष्ट हमखास नजरेआड होते. टोकन उपकरणाला दिलेले असते. तेच कार्ड तुम्ही फोनमध्ये, मनगटावरच्या घड्याळात आणि घरच्या टॅबलेटमध्ये घातले असेल तर ती तीन वेगळी टोकने झाली. फोनमधले काढले म्हणून घड्याळातले जात नाही. आपल्या घरांमध्ये याचा आणखी एक प्रकार आढळतो. आईच्या कार्डाचा ओटीपी फोनवरून विचारून मुलाने ते आपल्या ॲपमध्ये घातलेले असते, वीजबिल आणि औषधे मागवायची सोय म्हणून. काही वर्षांनी ते दोघांच्याही स्मरणात नसते. आईने आपला फोन कितीही साफ केला तरी मुलाच्या फोनमधले कार्ड जागेवरच राहते.

फोन हरवला तर? हाती फोनच नाही, मग त्यातले कार्ड काढायचे कसे, असे वाटून माणूस हबकतो. खरे तर टोकनची व्यवस्था इथेच सर्वांत जास्त उपयोगी पडते. टोकनची खरी नोंद नेटवर्ककडे आणि बँकेकडे आहे. तिथे ती स्थगित केली की हरवलेल्या फोनमधले टोकन निरुपयोगी झाले, मग तो फोन बंद असो, विमानात असो की नदीच्या तळाशी. ॲपलच्या ‘फाइंड माय’मध्ये उपकरण हरवल्याचे नोंदवले की त्यातली कार्डे फोनला इंटरनेट नसतानाही स्थगित होतात, याचे कारण हेच. फोन परत सापडला तर पुन्हा साइन इन करून ती चालू करता येतात. अँड्रॉइडवर गूगलच्या फोन शोधण्याच्या सेवेतून फोनला दुरून कुलूप लावता येते किंवा त्यातला सगळा मजकूर पुसता येतो. पण पुसण्याचा आदेश फोनपर्यंत पोचावा लागतो, आणि बंद पडलेल्या फोनपर्यंत तो पोचत नाही. म्हणून बँकेला कळवण्याला पर्याय नाही. हरवलेल्या उपकरणाची तक्रार सहज करता येईल अशी सोय कार्ड देणाऱ्या संस्थेने ठेवली पाहिजे, असे २०१९ च्या परिपत्रकातच म्हटलेले आहे.

अशा वेळी क्रम महत्त्वाचा. आधी सिमकार्ड बंद करायला सांगा, कारण ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. लगेच बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून फोन हरवल्याचे सांगा, त्या फोनमधली कार्डाची नोंद रद्द करायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. पैसे गेलेले दिसले तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवा. मग पोलिसांकडे तक्रार, आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवरून फोन ब्लॉक करणे. अनेक जण ब्लॉक करण्यापासून सुरुवात करतात आणि निर्धास्त होतात. तो ब्लॉक मोबाइल नेटवर्कपुरता असतो. तुमच्या बँकेला त्याचा पत्ता नसतो.

वेळेचे महत्त्व नियमांतही आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना ग्राहकाची ना बँकेची, तिसरीकडेच कुठेतरी घडली असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर एका रुपयाचीही जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत जबाबदारी येते. त्यानंतर बँकेच्या धोरणावर भिस्त. ग्राहकाच्याच निष्काळजीपणाने नुकसान झाले असेल तरीसुद्धा, कळवल्यानंतर होणारे पुढचे नुकसान बँकेच्या माथी असते. म्हणून तक्रारीची तारीख आणि वेळ कागदावर असणे फार मोलाचे.

जुना फोन विकताना लोक थेट फॅक्टरी रीसेट करतात. त्याने फोनमधल्या किल्ल्या पुसल्या जातात, आणि किल्लीशिवाय टोकन चालत नाही, त्यामुळे विकत घेणाऱ्याच्या हाती तुमचे पैसे लागण्याची भीती धरू नका. तरीही आधी वॉलेटमधून कार्डे हाताने काढावीत, मग गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडावे, आणि रीसेट शेवटी करावे. असे केल्याने बँकेकडच्या नोंदीही साफ होतात, आणि नव्या मालकाला जुन्या खात्याचा पासवर्ड मागणारा पडदा दिसत नाही. यूपीआय लाइट वापरत असाल तर त्यातली शिल्लक ॲप काढण्यापूर्वी खात्यात परत घ्या.

यूपीआयचा विषय निघालाच आहे तर एक गल्लत दूर करू. २०२२ च्या सप्टेंबरपासून रुपेचे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात क्यूआर स्कॅन करून त्यावरून पैसे देणारे आता पुष्कळ आहेत. ते जोडणे आणि मशीनला फोन टेकवून पैसे देण्यासाठी घातलेले कार्ड, या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. एक काढल्याने दुसरी जात नाही. आणि ज्या ज्या यूपीआय ॲपमध्ये ते जोडले असेल तिथून ते वेगवेगळे काढावे लागते.

आता उलट बाजूने पाहू. फोनमधले कार्ड काढल्याने प्लास्टिकचे कार्ड बंद होत नाही, हे बहुतेकांना समजते. प्लास्टिकचे कार्ड बंद केले की फोनमधले बंद होईल, हेही आपण गृहीत धरतो. हे गृहीतक नेहमी खरे ठरत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेतील आणि पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ च्या यूझनिक्स सुरक्षा परिषदेत एक अभ्यास मांडला. चोरलेल्या कार्डाचा क्रमांक चोराने आपल्या फोनच्या वॉलेटमध्ये घातला. मालकाने कार्ड हरवल्याचे कळवून नवे मागवले. आणि तरीही काही बाबतींत चोराच्या फोनमधले टोकन चालूच राहिले, कारण बँकेने ते नव्या कार्डाला आपणहून जोडून दिले. ग्राहकाला नवे कार्ड पुन्हा सगळीकडे भरावे लागू नये, अशा चांगल्या हेतूने ठेवलेली ती सोय होती. बँक फोनवर विश्वास टाकत होती आणि फोन बँकेवर. ज्याचे पैसे, त्याला मधे कोणी विचारले नाही.

या बाबतीत आपल्याकडचा नियम अधिक शहाणा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑनलाइन विक्रेत्यांच्या टोकनांविषयीच्या २०२१ च्या परिपत्रकात असे आहे की कार्डाचे नूतनीकरण झाले किंवा कार्ड बदलले, तर आधीच्या विक्रेत्यांशी नवे कार्ड जोडण्यासाठी बँकेने ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यायला हवी. शिवाय भारतात कार्ड वॉलेटमध्ये घालताना ओटीपीसारखा दुसरा पुरावा लागतोच. तरीही कार्ड चोरीला गेल्याचे कळवताना एक वाक्य आवर्जून सांगा: ‘या कार्डावरची सगळी टोकनेही रद्द करा.’ बँकेच्या हेल्पलाइनवरचे कर्मचारी प्लास्टिक ब्लॉक करतात, बाकीचे त्यांना विचारावे लागते.

आणि आता सर्वांत मोठी, सर्वांत दुर्लक्षित जागा. भाजी मागवण्याचे ॲप, टॅक्सीचे ॲप, पुस्तकांचे संकेतस्थळ, रेल्वे-विमानाची तिकिटे, सिनेमे दाखवणारी सेवा, मुलीच्या ऑनलाइन शिकवणीचे शुल्क. यातल्या प्रत्येक ठिकाणी तुम्ही कधीतरी ‘पुढच्या वेळेसाठी कार्ड सेव्ह करा’ला हो म्हटलेले असते, आणि प्रत्येक विक्रेत्यासाठी त्याच कार्डाचे वेगळे टोकन निघालेले असते. फोनच्या वॉलेटशी यांचा काहीही संबंध नाही. वॉलेट रिकामे केले, फोन बदलला, एवढेच काय ॲप काढून टाकले, तरी ती टोकने जिवंत राहतात. मुखत्यारपत्राची आपल्याकडची प्रत फाडली म्हणून मुखत्याराचे अधिकार संपत नाहीत. ते जिथे नोंदवले तिथे जाऊन रद्द करावे लागते. टोकनचेही तसेच आहे.

ते रद्द करण्याची जागा तुमच्या बँकेतच आहे. आपल्या कार्डावर कोणकोणत्या विक्रेत्यांकडे टोकने आहेत याची यादी पाहण्याची आणि त्यातले हवे ते काढून टाकण्याची सोय कार्ड देणाऱ्या संस्थेने मोबाइल ॲप, नेटबँकिंग, फोनवरची स्वयंचलित सेवा किंवा शाखा यांपैकी एका तरी मार्गाने द्यायलाच हवी, असे परिपत्रक सांगते. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या विभागात, ‘टोकन’ हा शब्द असलेल्या नावाखाली ती शोधा. सापडली नाही तर हेल्पलाइनला विचारा. शाखेत जाऊन विचारलेत आणि समोरच्याला कळले नाही तर ‘कार्ड-ऑन-फाइल टोकन’ असे म्हणा, परिपत्रकात हेच नाव आहे. ज्या दुकानात आपण वर्षानुवर्षे पाऊल टाकलेले नाही त्याचे नाव त्या यादीत दिसले की ती यादी बँकेने ॲपच्या पहिल्याच पडद्यावर का ठेवली नाही, असा प्रश्न पडतो. कुठल्या तरी मेनूच्या पोटात दडलेला हक्क लोकांच्या कामी येत नाही.

टोकन काढले की त्या विक्रेत्याकडची वर्गणीही थांबते, असे समजू नका. दरमहा आपोआप पैसे कापण्यासाठी दिलेली परवानगी म्हणजे ई-मँडेट, आणि ती वेगळ्या जागी नोंदलेली असते. २०२१ च्या ऑक्टोबरपासूनच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी, आणि मँडेट कधीही मागे घेता यायला हवे. सूचनेच्या त्या संदेशातच बहुधा रद्द करण्याची वाट असते. लोक बँकेचे संदेश न वाचता पुसतात, हे या व्यवस्थेतले मोठे भगदाड आहे. यूपीआयवरून दिलेले ऑटोपे त्या त्या यूपीआय ॲपमध्ये जाऊन थांबवावे लागते. आधी वर्गणी, मग मँडेट, मग टोकन, असा क्रम ठेवा. उलट क्रमाने गेलात तर विमा किंवा शिकवणीचा हप्ता चुकतो, दंड बसतो, आणि कारण शोधण्यात दिवस जातात.

कार्डच कायमचे बंद करायचे असेल तर सगळ्या टोकनांचा प्रश्न एकदमच सुटायला हवा. क्रेडिट कार्डाबाबत रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम असा की, थकबाकी नसेल तर बंद करण्याची विनंती आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत ती पूर्ण केली पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी ग्राहकाला ५०० रुपये द्यावे लागतात. कार्ड कात्रीने कापून केराच्या टोपलीत टाकणे म्हणजे ते बंद करणे नव्हे. बँकेकडून ‘बंद झाले’ असा संदेश किंवा ईमेल येईपर्यंत ते चालूच आहे असे धरून चाला.

कार्ड काढण्याची घाई न करण्याचेही प्रसंग असतात. फोन टेकवून घेतलेली वस्तू परत करायची असेल, तर काही दुकाने ज्या क्रमांकावरून पैसे आले त्याचे शेवटचे चार अंक विचारतात, आणि स्लिपवरचे ते अंक टोकनचे असतात. सॅमसंग वॉलेट आणि ॲपल वॉलेट या दोन्हींत कार्डाच्या तपशिलात ते चार अंक दिसतात. कार्ड काढण्यापूर्वी ते लिहून ठेवा. परतावा तसाही तुमच्या मूळ खात्यातच येतो, टोकन गेले म्हणून पैसे हवेत राहत नाहीत. अडचण येते ती काउंटरवर पडताळणी करताना.

लंडनमध्ये राहणाऱ्यांना याचा वेगळाच अनुभव येतो. तिथल्या अंडरग्राउंडवर २०१४ च्या सप्टेंबरपासून कार्ड किंवा फोन थेट फाटकाला टेकवून प्रवास करता येतो आणि दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा असते. आत शिरताना फोन टेकवला आणि बाहेर पडताना त्याच खात्याचे प्लास्टिकचे कार्ड टेकवले, तर यंत्रणेच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी होतात, दोघांचेही प्रवास अर्धवट, आणि दोन्हींवर जास्तीचे भाडे. दिवसाच्या मधेच फोनमधून कार्ड काढून पुन्हा घातले तर त्याला नवा क्रमांक मिळतो आणि भाड्याच्या मर्यादेची मोजणी नव्याने सुरू होते. मुलाकडे पहिल्यांदाच जाणाऱ्या आईवडिलांना ही एक गोष्ट आधी सांगून ठेवलेली बरी.

घरात कोणाचा मृत्यू झाल्यावर फोन आणि कार्डांचे काय करायचे, हा अवघड विषय. तो टाळण्याकडेच आपला कल असतो. माझा सल्ला असा: फोन घाईने रीसेट करू नका. कोणते विम्याचे हप्ते, कोणत्या वर्गण्या, कोणती देणी आपोआप जात होती, याची खूण त्याच फोनमधल्या संदेशांत सापडते. ती कागदावर उतरवा. मग बँकेला मृत्यूची सूचना द्या आणि कार्डे, टोकने, मँडेट रद्द करायला लेखी सांगा. पिन ठाऊक आहे, फोन उघडता येतो, म्हणून त्या कार्डावरून पैसे देत राहू नका. हेतू कितीही चांगला असला तरी कायद्याच्या दृष्टीने ते पैसे आता वारसाहक्काच्या हिशेबातले आहेत, आणि भावंडांमधल्या वादांची ठिणगी अनेकदा अशाच व्यवहारांतून पडते.

फोनमधले कार्ड नजरेसमोर असते, म्हणून ते काढणे सोपे. बँकेकडची नोंद दिसत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे तशीच राहते. हे प्रकरण वाचून झाल्यावर आजच बँकेचे ॲप उघडा, कार्डाच्या विभागातली टोकनांची यादी शोधा, आणि जे नाव ओळखू येत नाही किंवा ज्याची गरज उरलेली नाही ते तिथून काढून टाका. घरातल्या ज्येष्ठांचे ॲप त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्यादेखत तपासा. यादी सापडलीच नाही तर बँकेला लेखी विचारा. त्या यादीची सोय देणे बँकेला बंधनकारक आहे.